धुळ्याच्या भाऊंच्या कॉमेंटला उत्तर : चालत्या सर्व्हरला डिबगर जोडायचा की नाही

भाऊ, राम राम. कॉमेंट चांगली खरमरीत लिहिलीत, आवडली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की टॉमकॅटच्या (जावाचे वेब प्रोग्राम चालवणारा सर्व्हर) आत चालणाऱ्या कंपोनंटला डिबगर (चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आतल्या व्हॅल्यू दाखवणारं टूल) जोडायला शिकवणं म्हणजे नव्या पोरांच्या हातात काडेपेटी देणं, नीट लॉग (प्रोग्राम चालताना लिहितो त्या नोंदी) टाकले आणि तोच क्लास टॉमकॅटच्या बाहेर मेन मेथडमधून, म्हणजे सुटा प्रोग्राम म्हणून, चालवून पाहिला की सगळं कळतं, आणि तुमच्याकडे आयआयएसवर (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) कोणीतरी हा प्रकार केला तर प्रोसेसच मेली.

आधी मेन मेथडचं बघू, कारण माझा खरा वाद तिथेच आहे. रावेर-सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं काटापावतीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. पावतीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं यायला लागली, आकडे बरोबर, वजन बरोबर, नाव मात्र गायब, आणि ज्याचा माल आहे त्याचंच नाव नसेल तर ती पावती घेऊन तो माणूस काय करणार. आता तोच क्लास, तीच जार (जावा प्रोग्रामची फाइल), त्याच मशीनवर टर्मिनलमधून मेनने चालवली की मराठी एकदम झकास. मग बसा डोकं खाजवत.

कारण असं होतं भो, की मी एसएसएचने (दुरून सर्व्हरवर जायची सुरक्षित वाट) लॉगिन करतो तेव्हा माझ्या टर्मिनलला यूटीएफ-8 लोकेल (भाषा-लिपीचं सेटिंग, यूटीएफ-8 म्हणजे मराठीसकट सगळ्या लिपी चालतात) असतं, पण टॉमकॅट सर्व्हिस म्हणून सुरू होतो तेव्हा तिथे हे लोकेल ठरवणारं लँग व्हेरिएबल सेटच नव्हतं. जावा 8 मध्ये डिफॉल्ट कॅरेक्टर सेट (अक्षरांचे बाइट्स कसे करायचे ती पद्धत) ओएसच्या लोकेलवरून ठरतो, लोकेल नाही तर तो थेट आस्की (नुसत्या इंग्रजी अक्षरांचा जुना संच) धरतो, आणि आस्कीत मराठी अक्षर कुठून येणार, प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह. (जावा 18 पासून, म्हणजे 2022 पासून, यूटीएफ-8 डिफॉल्ट झालं, पण क्लायंट काही अपग्रेडला तयार नाही, चालू आहे ना मग कशाला हात लावायचा हे त्याचं ठरलेलं उत्तर.)

आता लॉगचं. लॉग होते ना, भरपूर होते! पण लॉग लिहिणारी प्रोसेसही तीच, डिफॉल्टही तोच, त्यामुळे लॉगमध्येसुद्धा प्रश्नचिन्हंच. डेटाबेसमधून येतानाच नाव खराब झालं, की पावती बनवताना, की बिचारं नाव ठीक आहे आणि फक्त लॉगच खोटं बोलतोय, काही म्हणजे काही कळेना. डिबगर जोडला, स्ट्रिंग बघितली तर मेमरीत नाव व्यवस्थित, आणि पुढच्याच ओळीत कॅरेक्टर सेट न देता केलेल्या गेटबाइट्सनंतर (स्ट्रिंगचे बाइट्स करणारी मेथड) अॅरेमध्ये 63, 63, 63. 63 म्हणजे प्रश्नचिन्ह. गेटबाइट्सला यूटीएफ-8 स्पष्ट दिलं, विषय मिटला. लॉगमध्ये आपण तेच छापतो ज्याच्यावर आधीच संशय असतो, इथे संशय कोणावर घ्यायचा तेच माहीत नव्हतं.

काडेपेटीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. जावाच्या डिबग पोर्टला पासवर्ड वगैरे काही नसतो, जो पोचला तो तुमच्या सर्व्हरवर वाटेल तो कोड चालवू शकतो. जावा 8 मध्ये नुसता पोर्ट नंबर लिहिला तर तो सगळ्या नेटवर्क इंटरफेसवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यालाही, उघडतो, जावा 9 पासून नुसता नंबर म्हणजे फक्त लोकलहोस्ट, म्हणजे तेच मशीन. म्हणून पत्ता लोकलहोस्टच लिहायचा, एसएसएच टनेलने जायचं आणि काम झालं की सर्व्हर डिबगशिवाय रीस्टार्ट. आणि हे सगळं स्टेजिंगवर (लाइव्हसारखाच चाचणीचा सर्व्हर), जिथे सर्व्हिस फाइल तीच, युजर तोच. वरची भानगडही तिथेच पकडली, लाइव्हला हात लावला नाही. अजून एक, इंटेलिजेमध्ये (जावाचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर) ब्रेकपॉइंट, म्हणजे डिबगरने जिथे थांबायचं ती खूण, बाय डिफॉल्ट सगळे थ्रेड (प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणारी कामं) थांबवतो, तुम्ही चहा प्यायला गेलात की पुढे बसलेला एनजिनएक्स (विनंत्या टॉमकॅटकडे पाठवणारा वेब सर्व्हर) 60 सेकंदांनी सगळ्यांना 504 (वेळेत उत्तर आलं नाही ही एरर) वाटत सुटतो. सेटिंगमध्ये फक्त तो एक थ्रेड थांबवा, नाहीतर न थांबता नुसती व्हॅल्यू छापणारा ब्रेकपॉइंट लावा. लाइव्ह सर्व्हर अडकला असेल तर तिथे डिबगर नकोच, जेस्टॅकने (जावासोबत येणारं टूल) थ्रेड डंप, म्हणजे कुठला थ्रेड कुठे आहे त्याची यादी, घ्या, टॉमकॅटचे डिफॉल्ट 200 थ्रेड कुठल्या ओळीवर रांग लावून उभे आहेत ते लगेच दिसतं.

राहिलं तुमचं आयआयएस. तिथे प्रोसेस डिबगरने मारली नसणार, बहुतेक आयआयएसनेच मारली. अॅप्लिकेशन पूलमध्ये (आयआयएसवरच्या अॅपच्या प्रोसेस सांभाळणारा गट) पिंग चालू असतं, दर 30 सेकंदांनी वर्कर प्रोसेसला, म्हणजे तुमचं अॅप चालवणाऱ्या प्रोसेसला, जिवंत आहेस का अशी विचारणा होते आणि 90 सेकंदांत उत्तर आलं नाही की अडकली समजून तिला संपवतात. ब्रेकपॉइंटवर थांबलेली प्रोसेस उत्तर कुठून देणार? डेव्हलपमेंटच्या मशीनवर पूलच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये पिंग एनेबल्ड फॉल्स करून बघा आणि परत जोडून काय होतं ते इथेच कळवा. लाइव्हवर मात्र ते पिंग चालूच राहू द्या.