कडू दुधी आणि रुबाब

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आठवडाभर दुधी गाजतोय. मावसभाऊ रोज उपाशीपोटी दुधीचा रस पितो, ग्लासाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, "नैसर्गिक आहे, बाधणार कसं? केमिकल तुमच्या युरोपात." अकरा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टात काढल्यावर ते 'तुमच्या' कोणाला असतं, हे सांगायला नको.

मी लगेच २०१० सालचं प्रकरण काढलं. दिल्लीत एक शास्त्रज्ञ असाच रस पिऊन गेले. कडू दुधीत कुकरबिटासिन असतं. कीड-जनावरांनी खाऊ नये म्हणून वेलानं स्वतःच तयार केलेलं विष. ते कारखान्यातून येत नाही आणि शिजवून जातही नाही. मग आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनं सांगितलं की रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर दुधी टाकून द्या. (आमच्या आजीनं हे समितीशिवाय सांगितलं असतं.)

त्यावर भावाचं उत्तर आलं, "आणि तुमच्या अंड्यांतलं फिप्रोनिल?" खरंय, ते कीटकनाशक युरोपातल्या अंड्यांत सापडलं होतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मीही फ्रीजसमोर उभा राहून अंड्यांवरचे नंबर बाधित अंड्यांच्या यादीशी ताडून बघत होतो. पण नंबर होता तरी! मंडईतला दुधी कुठल्या शेतातला, हे कोण सांगणार? हे मी जरा जोरातच लिहिलं.

हायडेनहाइमचं मात्र लिहिलं नाही. माझ्यापासून गाडीनं तासाभरावर. २०१५ मध्ये तिथले ७९ वर्षांचे एक गृहस्थ घरगुती बागेतली झुकिनी (दुधीचीच लांबची बहीण) खाऊन दगावले. तेच कुकरबिटासिन. भाजी कडू लागली म्हणून बायकोनं थोडीच खाल्ली, ती वाचली. घरी धरलेल्या बियाण्यात शोभेच्या भोपळ्याचा संकर झाला की असा कडूपणा परत येतो. हे लिहिलं असतं तर माझा मुद्दा पक्का झाला असता, पण रुबाब गेला असता.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या केअरवोखंत (इमारतीच्या साफसफाईच्या माझ्या पाळीच्या आठवड्यात) जिना पुसताना दारात शेजारणीनं ठेवलेली झुकिनी सापडली. तिच्यासमोरच टोक कापून चाखलं. "आमच्याकडे पद्धत आहे," म्हणालो, आणि हायडेनहाइमही ऐकवलं. बिचारी ओशाळली.

डिसेंबरात साताऱ्याला आईसाठी दुधीहलवा करायला घेतला. कीस तुपात पडला, तशी ती ओट्याशी आली.

"चाखलास?"

नव्हता चाखला. स्टुटगार्टच्या सुपरमार्केटातली झुकिनी कधी कडू निघत नाही, त्यामुळे एकट्याच्या स्वयंपाकात मी कित्येक वर्षांत काही चाखलेलं नाही. तिनं सालींच्या ढिगातून देठाकडचा तुकडा शोधला, दाताखाली धरला.

"गोड आहे. ढवळ, खाली लागतोय."