शेवटची दहा पानं वाचून काय कळतं?

गोड प्रेमकादंबऱ्यांबद्दलचा एक मजकूर अधूनमधून फिरून येतो. शब्द बदलतात, आशय तोच. 'ही पुस्तकं म्हणजे मेंदूला दिलेली साखर. शेवट पहिल्या पानावरच कळतो, सगळ्या एका साच्यातल्या, लिहायला सोप्या, खऱ्या नात्यांबद्दल भलत्या अपेक्षा रुजवणाऱ्या. रिकामटेकड्या बायकांचा विरंगुळा. शेवटची दहा पानं वाचा, पुस्तक वाचल्यासारखंच आहे.' परवा तो मला एकाच दिवशी तिघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी डोळा मारणारा चेहरा जोडून. मग उत्तर देणं आलंच.

आधी 'गोड' म्हणजे काय ते सांगते, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. इंग्रजी प्रकाशनात 'स्वीट रोमान्स' नावाचा वेगळा कप्पा आहे. त्यातली प्रेमकथा फार तर चुंबनापर्यंत जाते, पुढे खोलीचं दार वाचकाच्या तोंडावर बंद होतं. गोड हा शब्द त्या दाराबद्दल आहे. पात्रं गोडगोड बोलतात, कुणाचं कुणाशी वाकडं नसतं, असा त्याचा अर्थ नाही.

आता शेवट आधी कळण्याबद्दल. कळतोच! तो कुणी लपवलेलाही नसतो. अमेरिकेत रोमान्स लिहिणाऱ्यांची संघटना १९८० साली सुरू झाली. तिच्या व्याख्येत दोनच अटी आहेत. प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. म्हणजे टीकाकार ज्याला पकडलेली चोरी समजतो, ते करारात पहिल्या ओळीवर लिहिलेलं आहे.

आणि ठाऊक असलेल्या शेवटाची आपल्याला एवढी ॲलर्जी कधीपासून झाली? गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, ऐकला की रदीफ, म्हणजे ओळीअखेर परत परत येणारे शब्द, कळतो. पुढच्या प्रत्येक शेराची दुसरी ओळ कुठे येऊन थांबणार हे सगळ्या मैफलीला माहीत असतं, आणि दाद नेमकी तिथेच मिळते. नाट्यशास्त्रात तर कार्याच्या पाच अवस्था मोजून दिल्यात: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. फळ मिळणार हे शास्त्रातच ठरलेलं. कथानकाच्या पाच टप्प्यांमध्ये, म्हणजे संधींमध्ये, निर्वहणाच्या, म्हणजे शेवटच्या उलगड्याच्या, आधी जो विमर्श येतो, जिथे हाताशी आलेलं निसटतंय असं वाटतं, त्यालाच आजचे वाचक 'थर्ड ॲक्ट ब्रेकअप' (शेवटाच्या जरा आधी होणारी ताटातूट) म्हणतात आणि त्यावरून तावातावाने भांडतात. नाव नवं, दुखणं जुनं.

२०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. ज्यांना शेवट ठाऊक होता त्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही दिसलं, त्यामुळे मी याचा झेंडा मिरवणार नाही. पण 'शेवट कळला की मजा संपली' हे गृहीत धरण्याइतकं उघड नाही, एवढं नक्की.

मजा नेमकी कुठे असते ते दाखवायला एक गोष्ट रचते. एकाच इमारतीत राहणारे दोघं. त्याच्या न्हाणीघरातलं पाणी तिच्या छतातून ठिबकतंय, त्यावरून पहिलं भांडण. तिने त्याचा नंबर फोनमध्ये 'वरचा मजला, गळती' या नावाने ठेवलाय. साठाव्या पानावर गळती दुरुस्त होते, नाव तसंच राहतं. शंभराव्या पानाच्या आसपास ती एका रात्री 'गळती' खोडते, 'वरचा मजला' ठेवते. मग कधीतरी तिथे आडनावासकट पूर्ण नाव येतं. मग एक दिवस आडनाव जातं. या चारही वेळी प्रेमाचा शब्द कुणी उच्चारलेला नाही, कुणी कुणाचा हात धरलेला नाही. हे दोघं एकत्र येणार की नाही या काळजीत असलेला वाचक ते आडनाव गेलेलं बघणारच नाही. ज्याला शेवटाची खात्री आहे, तो त्या एका ओळीपाशी थांबतो. बंद दाराच्या कादंबरीचा सगळा कारभार असल्याच बारीक गोष्टींवर चालतो. मोठं हत्यार लेखिकेने आधीच खाली ठेवलेलं असतं.

म्हणूनच 'लिहायला सोप्या' हे वाचून मला हसू आलं. पामेला रेजिस या अभ्यासिकेने २००३ साली प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितले, त्यातला एक अडथळा. दोघं एकत्र का येऊ शकत नाहीत? १८१३ साली जेन ऑस्टेनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आलं तेव्हा अडथळे बाहेर तयार उभे होते. इस्टेट मुलींना मिळणार नाही, दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार. घरात पाच बहिणी. हुंड्यापुरता पैसा नाही. वरच्या वर्गाची नाकं मुरडलेली. आजच्या काळात कथा ठेवली की यातलं बरंचसं गळून पडतं. दोघं कमावतात, वेगळी राहतात, कुणाची परवानगी लागत नाही. त्यात खिशात मोबाइल. पत्र चुकीच्या हाती पडलं, निरोप पोचलाच नाही, अशा क्लृप्त्यांवर पूर्वी निम्मी कादंबरी निघायची. आता एक मेसेज केला की गैरसमज मिटतो. मग अडथळा माणसाच्या आतच शोधावा लागतो: मागच्या नात्यातून उरलेली धास्ती, मदत मागायची लाज, आपण कुणाला नको आहोत ही जुनी समजूत. आणि तो दोनशे पानं पुरेल इतका खरा वाटावा लागतो. जमत नाही तेव्हा काय होतं तेही सांगते. नायिका दाराआडून अर्धवट वाक्य ऐकते, रडत निघून जाते आणि पुढची ऐंशी पानं फोन उचलत नाही. अशी पुस्तकं मी अर्ध्यावर सोडलीत, आणि त्यांच्या बाजूने बोलायला मी इथे आलेली नाही. साचा सगळीकडे आहे हे मान्य. पण 'खोटंखोटं जोडपं', 'आधी वैर मग प्रेम' हे ट्रोप, म्हणजे ठरलेली कथासूत्रं, वाचक पाटी बघून मागून घेतात, आणि त्याच साच्यातलं कच्चं पुस्तक पहिल्या वीस पानांत ओळखतात.

भलत्या अपेक्षांचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो पुरता खोटा नाही. हेवेखोर, हुकूम सोडणारा नायक 'काळजी करणारा' म्हणून खपवला जातो, तिथे झोडपलंच पाहिजे. विमानतळावर धावत जाऊन सगळ्यांसमोर प्रेमाची कबुली देण्याचाही मला कंटाळा आहे. समोरच्या व्यक्तीला नकार द्यायची जागाच राहत नाही त्यात. पण चांगल्या गोड कादंबरीत विमर्शानंतर काय येतं ते बघा. माफी येते. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' या जातीची नव्हे. मी अमुक केलं, त्याने तुझं तमुक झालं, असं नाव घेऊन मागितलेली, 'पण' न लावता. पुढच्या प्रकरणात तो माणूस वेगळा वागतानाही दिसावा लागतो, नाहीतर वाचक शेवट मान्य करत नाहीत. कुणाच्या मनात अशा माफीची अपेक्षा रुजत असेल, तर तिला भलती म्हणणाऱ्याने स्वतः शेवटची माफी कधी मागितली ते आठवावं.

रिकामटेकड्या बायकांबद्दल फार शाई खर्च करत नाही. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या अभ्यासात रोमान्स वाचणाऱ्या बायकांनाच जाऊन विचारलं होतं. स्वतः रॅडवे या पुस्तकांतल्या आशयावर बऱ्यापैकी कठोर होत्या. पण बायकांनी सांगितलं ते असं: दिवसभर घरातल्या सगळ्यांचं बघायचं, आणि हातात पुस्तक असेल तेवढा वेळ आपला. रिकामपण कुठे दिसतंय यात?

राहिली शेवटची दहा पानं. तर त्या वरच्या मजल्याच्या गोष्टीत शेवटून तिसऱ्या पानावर तिचा फोन वाजतो. एव्हाना दोघं एकाच घरात राहतात, तो बाहेरून काहीतरी विचारायला फोन करतोय. पडद्यावर नाव झळकतं: 'वरचा मजला, गळती'. तिने ते मुद्दाम परत तसं करून ठेवलंय. आधीची अडीचशे पानं वाचलेली बाई इथे पुस्तक छातीशी धरून हसते. फक्त शेवट वाचणाऱ्याला वाटेल, प्लंबर अजून आलेला नाही.