आयर्लंडच्या बेटावरचं ‘५००० वर्षं जुनं शिवमंदिर’: त्या फॉरवर्डचं काय करायचं

एक मेसेज फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर तीनदा आला, तीन वेगवेगळ्या काकांकडून. समुद्रात उभा सुळका, वर दगडी घुमट, आणि खाली मजकूर की आयर्लंडच्या बेटावर ५००० वर्षं जुनी शिवलिंगाच्या आकाराची मंदिरं आहेत, चुना न वापरता बांधलेली, कोणी बांधली कोणालाच माहीत नाही, नंतर चर्चने त्यावर क्रॉस ठोकले आणि आता सरकार तिथे कोणाला जाऊ देत नाही. शेवटी हात जोडलेले इमोजी. ग्रुपवर वाद घालणं म्हणजे लग्नघरात हिशोब मागणं, म्हणून इथे लिहितोय.

आधी फोटो कुठला ते सांगतो. हे स्केलिग मायकल, आयर्लंडच्या नैऋत्येला केरी काउंटीच्या किनाऱ्यापासून साधारण १२ किलोमीटर आत समुद्रात. उंची २१८ मीटर, म्हणजे बेट कसलं, डोंगराचं टोकच. १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे ‘जगापासून लपवलेलं’ वगैरे तिथेच संपतं.

आता ५००० वर्षं. हा आकडा हवेतून आलेला नाही, तो बहुतेक न्यूग्रेंजवरून उचललाय. ते खरंच इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं आहे, पण ते बेटावर नाही, देशाच्या पूर्व भागात बॉइन नदीच्या काठी आहे, आणि ते दफनाचं ठिकाण आहे. स्केलिगवर आहे तो ख्रिस्ती साधूंचा मठ, इसवी सनाच्या सहाव्या ते आठव्या शतकातला कधीतरीचा. म्हणजे दोघांत साडेतीन हजार वर्षांपेक्षा जास्त अंतर. ‘आयर्लंड, जुनं, दगडी’ एवढं जुळलं की एकच धरायचं असेल तर मग वेरूळ आणि सीएसटी पण एकच.

चुन्याचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण इथे खरंच बघण्यासारखं काहीतरी आहे. फोटोतले घुमट म्हणजे त्या साधूंच्या दगडी झोपड्या, त्यांना तिकडे क्लोखान म्हणतात. चपट्या दगडांचा एक थर लावायचा, त्यावरचा थर थोडा आत सरकवून, त्यावरचा अजून थोडा आत, असं करत करत वर जाऊन शेवटचं भोक एखाद दुसऱ्या दगडाने बंद. प्रत्येक दगडाची मागची बाजू वरच्या वजनाखाली दाबलेली असते म्हणून तो आत पडत नाही, आणि दगड बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवतात म्हणजे पाऊस आत न येता बाहेर ओघळतो. बस, एवढंच. यात एलियन नाही की हरवलेलं विज्ञान नाही, पण हात मात्र पाहिजे, कारण एक दगड चुकला की पुढचे सगळे चुकतात. केरीतले शेतकरी अगदी अलीकडेपर्यंत अवजारं आणि जनावरं ठेवायला असेच क्लोखान रचायचे. आणि चुना न वापरण्याचं आपल्याला तरी नवल वाटू नये, सिन्नरचं गोंदेश्वर बघून आलोय ना आपण? म्हणून काय गोंदेश्वर आयरिश साधूंनी बांधलं असं म्हणायचं?

आकार शिवलिंगासारखा? बाहेरून गोल दिसतो खरा. पण आत गेलं की खोली चौकोनी आहे, भिंतीत सामान ठेवायला कोनाडे आहेत, वाकून आत जायला एक बुटकं दार आहे. ही राहायची जागा आहे हो. अशा सहा खोल्या, प्रार्थनेच्या दोन लहान खोल्या, पावसाचं पाणी साठवायला टाकी, थोडा भाजीपाला लावायला भिंत घालून केलेली जागा, आणि खालून वर यायला सहाशेच्या वर दगडी पायऱ्या. मासे आणि समुद्रपक्ष्यांची अंडी खाऊन दिवस काढायचे. त्यातूनही समाधान झालं नाही म्हणून कोणीतरी दक्षिणेच्या सुळक्यावर, अजून अवघड जागी, एकट्यासाठी वेगळी कुटी केली!

आणि ‘कोणालाच माहीत नाही’ हे तर साफ खोटं. रचणाऱ्या गवंड्यांची नावं नाहीत हे खरं, पण तिथल्या माणसांची आहेत. ८२४ च्या सुमारास व्हायकिंग आले, एट्गल नावाच्या साधूला पकडून नेलं आणि तो त्यांच्या कैदेत उपाशी मेला, हे आयरिश बखरींत लिहून ठेवलंय.

चर्चने बळकावलं म्हणणाऱ्यांनी जवळच्या व्हॅलेन्शिया बेटापाशी चर्च आयलंड नावाचं छोटं बेट आहे, तिथलं उत्खनन वाचावं. दगडी प्रार्थनाघराच्या खाली काय निघालं, तर आधीच्या लाकडी प्रार्थनाघराच्या खांबांचे खड्डे. मंदिर नाही. पूर्वेचा प्रभाव मात्र होता, तो इजिप्तचा. तिथल्या वाळवंटात जाऊन राहणारे ख्रिस्ती साधू हे या आयरिश साधूंचे आदर्श होते, इतके की ओसाड मठाच्या जागेला आयरिशमध्ये ‘डिसर्ट’ म्हणायचे, मूळ लॅटिन शब्द वाळवंटाचाच. २००६ मध्ये टिपरेरीच्या दलदलीत एक जुनी पोथी सापडली, साधारण ८०० सालची, तर तिच्या चामडी वेष्टणाच्या अस्तरात पपायरस, म्हणजे इजिप्तमध्ये लव्हाळ्यापासून करायचे तो कागद, निघाला. हे फॉरवर्ड करा की!

एक कबुली पण देतो. ख्रिस्तपूर्व दगडी बांधकाम आयरिश बेटांवर आहेच. इनिश मोरवरचा डून एंगस हा कड्याच्या टोकावरचा कोट, तिथली सुरुवातीची वस्ती इसवी सनापूर्वी ११०० च्या आसपासची. पण तो कोट आहे, आणि त्यातली बरीच डागडुजी एकोणिसाव्या शतकातली आहे.

राहिला सरकारी बंदीचा प्रश्न. बंदी नाही, मर्यादा आहे. मे मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, दिवसाला साधारण १८० माणसं, तेही समुद्राने परवानगी दिली तर. पायऱ्यांना कठडा नाही, २००९ मध्ये दोन वेगवेगळ्या वेळी दोन पर्यटक पडून दगावले, शिवाय पफिन पक्ष्यांची बिळं सगळीकडे. माझा मावसभाऊ तिकडे असतो, त्याची बोट लाटांमुळे दोनदा कॅन्सल झाली, पैसे परत मिळाले, तिसऱ्यांदा तो धक्क्यापर्यंत जाऊन नुसता चहा पिऊन परत आला.