'पहाटे चारला उठा' म्हणणाऱ्या मेसेजला दहावीच्या वर्गातून उत्तर

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'टॉपरचा दिनक्रम' नावाचा मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: पहाटे चारला उठा, शाळेचे तास सोडून रोज 14 तास अभ्यास करा, खेळ वर्षभर बंद, मोबाइल बंद, प्रत्येक धडा पाच वेळा वाचा, पंधरा-पंधरा मिनिटांचं वेळापत्रक भिंतीवर लावा. आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात, बाकी सगळे बहाणे.' मी कोल्हापुरातल्या एका शाळेत दहावीला गणित शिकवतो. या मेसेजपायी पोरं स्वतःचं काय करून घेतात ते रोज पहिल्या तासाला दिसतं. म्हणून हे लिहितोय.

14 तासांचा हिशेब एका ओळीत संपतो. आमची शाळा 11 ते 5, म्हणजे 6 तास. 14 आणि 6 झाले 20. उरलेल्या चार तासांत झोप, जेवण, आंघोळ आणि येणं-जाणं बसवून दाखवा.

पहाटे चारचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ते आपल्याला संस्कारासारखं वाटतं. 'लवकर निजे, लवकर उठे' हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय, पण त्यातलं 'लवकर निजे' गळून पडलंय. पंधरा वर्षांच्या मुलाला 8 ते 10 तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. चारला उठायचं तर रात्री आठला डोळा लागायला हवा. आपल्याकडं जेवणंच नऊला होतात. त्यात वयात येताना शरीराचं घड्याळ पुढं सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणून पोरगं दहाच्या आधी अंथरुणात तळमळतं आणि पहाटे उठवलं की बधिर असतं. तो आळस नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 मध्ये याच कारणासाठी मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आत भरवू नयेत अशी शिफारस केली. शिवाय दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं मोठं काम झोपेत चालतं. झोप कापून अभ्यास करणं म्हणजे भरलेली घागर वाटेत सांडत नेणं.

माझ्या वर्गात करवीर तालुक्यातल्या एका गावातून येणारी एक मुलगी आहे. गेल्या वर्षाच्या शेवटी तिनं हा मेसेज मनावर घेतला. दहा-बारा दिवसांनी फळ्यापुढं उभी राहिली आणि समरूपतेचं साधं गुणोत्तर तिला मांडता येईना. मला म्हणाली, "सर, चारला उठतोय खरं, काय टाळक्यात शिरंना झालंय."

खेळ बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्याच गावातल्या तालमीत जाऊन वस्तादांना विचारावं. जोर-बैठका मारून झाल्यावर पैलवानाला खुराक आणि झोप का सांभाळायला लावतात, ते त्यांना ठाऊक असतं. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या पोराचं मैदान तोडलं की तो वेळ पुस्तकात जात नाही, खिडकीतून बाहेर बघण्यात जातो. रोज पाऊण तास खेळू द्या.

आता पाच वेळा वाचण्याचं. वाचलेलं दुसऱ्यांदा वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की 'येतंय' असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये याचीच परीक्षा घेतली. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो. म्हणून मी वर्गात सांगतो, पायथागोरसचं प्रमेय एकदा समजून वाचा, वही मिटा, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं सिद्धता लिहा, अडलं तिथंच वही उघडा. दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्यानं. प्रत्येक वेळी दहा मिनिटं पुरतात, आणि हे एसटीत उभ्यानं मनातल्या मनातही होतं.

भिंतीवरच्या वेळापत्रकाला माझा विरोध नाही. ते अंदाजानं लिहायला विरोध आहे. कामाला लागणारा वेळ माणूस कायम कमी धरतो. 1994 सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी 34 दिवसांत संपेल म्हटलं होतं, लागले 55. दहावीच्या पोराचंही तेच होतं. म्हणून त्या मुलीला मी वेळापत्रक करू नको म्हटलं; आठवडाभर फक्त लिही, काय करायला बसलीस आणि किती मिनिटं लागली. चौकटीच्या वहीचं पान होतं. सरावसंच 1.2 समोर तिनं पेन्सिलीनं 'अर्धा तास' लिहिलं होतं आणि बाजूला पेनानं 'एक तास दहा मिनिटं'. विज्ञानाच्या प्रयोगवहीचं तर तिप्पट निघालं. असे खरे आकडे हातात आले की वेळापत्रक करावं, आणि त्यात रविवारची संध्याकाळ मोकळी ठेवावी, आठवडाभर राहिलेलं तिथं ढकलायला.

मोबाइलपुरता मेसेज बरोबर आहे. अभ्यासाला बसताना तो दुसऱ्या खोलीत असावा, उलटा करून शेजारी ठेवलेला चालत नाही.

राहिलं ते ठळक अक्षरांतलं वाक्य, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागतं. त्याच पानावरून आम्ही दोघांनी तिच्या दिवसाची बेरीज केली. झोप 8 तास धरली, शाळा 6, एसटीचं येणं-जाणं दीड, जनावरांचं दोन, भाकरी-भांडी दीड, जेवण-आंघोळ दोन. झाले 21. उरले 3. तिच्या बाकावरची मैत्रीण राजारामपुरीत शाळेजवळ राहते. तिच्या दिवसात एसटी नाही, गोठा नाही, चूल नाही. क्लासचे दोन तास वजा करूनही तिला 6 उरतात. एका बाकावर बसणाऱ्या दोघींपैकी एकीकडं दुप्पट वेळ आहे, आणि मेसेज दुसरीला सांगतो की तू बहाणे करतेस.

कोल्हापुरात तरी हे वाक्य कुणी पुढं पाठवू नये. 1901 मध्ये इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, आणि शाहू महाराजांच्या आधारानं पुढं जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर आधी शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे महाराजांनी ओळखलं होतं. पोरांना नुसतं 'जिद्द धरा' सांगून ते थांबले नाहीत.

ते पान मी पालकसभेला तिच्या वडिलांपुढं ठेवलं. त्यांनी बोट ठेवत ठेवत सगळं वाचलं, गोठ्याच्या ओळीवर थांबले आणि म्हणाले, "ह्ये दोन तास तर आमच्या घरातच हाईत की." थोरला मुलगा बारावी होऊन घरी होता. धार तिच्याकडंच राहिली, कारण म्हैस दुसऱ्या हाताला पान्हा सोडत नाही. शेण, वैरण आणि डेअरीत दूध घालणं भावाकडं गेलं. सकाळचा सव्वा तास सुटला. त्यातला अर्धा तिनं झोपेला दिला, उरलेल्यात भूमिती बसवली.