आठ-आठ असताना कट

झोप उडाली आहे, म्हणून लिहितेय. मोठं होईल. ज्यांना टेनिसचं काही नाही त्यांनी पुढे गेलं तरी चालेल.

तासाभरापूर्वी एका एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या) स्पर्धेतली दुहेरीची सेमीफायनल बघत होते. एकेक सेट झालेला. मॅच टायब्रेक चालू, तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा असतो तो. आठ-आठ. सर्व्ह करणारा चेंडू आपटत उभा, त्याचा जोडीदार नेटजवळ वाकलेला, एक हात पाठीमागे. आणि चॅनेलने कट केलं! जाहिरात असती तर एक वेळ गिळली असती. पण सेंटर कोर्टवर एकेरीचे दोन खेळाडू बॅगा घेऊन आतून यायला निघाले होते, ते दाखवायला कट केलं. ते आले, बसले, पाणी प्यायले, टॉस झाला, वॉर्मअप झाला. सगळं साग्रसंगीत दाखवलं. दुहेरीचा निकाल? खालच्या पट्टीतसुद्धा नाही.

वॉर्मअप, अहो! ज्यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. त्यासाठी आठ-आठ सोडलं.

मला दुहेरी बघायला बाबांनी शिकवलं. जानेवारी २०१८. चेन्नईची एटीपी स्पर्धा पुण्यात आली त्याचं ते पहिलं वर्ष. एकेरीतलं बडं नाव मरिन सिलिच खेळणार म्हणून माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी बालेवाडीची तिकिटं काढली होती. आम्हीही गेलो. एकेरीची मॅच संपली आणि स्टँड उठला. अक्षरशः उठला. दुहेरीचे चौघं कोर्टवर येत होते आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून पायऱ्या चढत होते. मीही पर्स उचलली. बाबांनी माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाले, "चेंडू बघू नकोस. नेटवर जो आहे ना, त्याचा पाठीमागचा हात बघ."

मी बघितला. मूठ, मग एक बोट, मग पंजा. मागचा सर्व्हर ते बघून मान हलवतोय. प्रत्येक जोडीच्या खुणा वेगळ्या, पण मजकूर तोच. सर्व्ह कुठे टाक आणि तू टाकलीस की मी क्रॉस करणार, म्हणजे नेटपाशी तुझ्या बाजूला घुसणार, की जागेवर थांबणार. म्हणजे प्रत्येक पॉइंटच्या आधी दोघांचा एक करार होतो आणि समोरच्या दोघांना तो करार दिसत नाही. त्यांना अंदाज बांधायचा असतो. रिटर्न करणाऱ्याने क्षणभर जास्त विचार केला की नेटवरचा मध्ये घुसलाच. बाबांनी सांगेपर्यंत मला हे माहीतच नव्हतं. माझ्यासाठी दुहेरी म्हणजे चार माणसं आणि थोडं रुंद कोर्ट.

थोडंच रुंद असतं तेही. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फूट. पण त्या साडेचार फुटांत अख्खा वेगळा खेळ आहे. तो न बघणाऱ्यांनी त्यावर मतं देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मतं देणारे भरपूर आहेत. मघाशीच एका ग्रुपवर चिडून लिहिलं तर एकाचं लगेच उत्तर, "अगं, एकेरीत जमलं नाही की माणसं दुहेरीत जातात." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता तळपायाची आग मस्तकात जाते. गेल्या वर्षी, २०२५ ला, यूएस ओपनने मिश्र दुहेरीचा काय खेळ केला आठवतंय ना? एकेरीची मुख्य स्पर्धा सुरू व्हायच्या आधी दोन दिवसांत उरकली, एकेरीतल्या बड्या नावांच्या जोड्या लावल्या, दहा लाख डॉलरचं बक्षीस ठेवलं. दुहेरीत आयुष्य घालवलेल्यांपैकी बहुतेक सगळे बाहेर. आणि जिंकलं कोण? एरानी आणि वावासोरी. आदल्या वर्षीचे विजेते, खरी दुहेरीची जोडी. फायनलमध्ये समोर श्वियाँतेक आणि रूड होते, दोघंही एकेरीतली बडी नावं. तीही मॅच टायब्रेकपर्यंत गेली आणि दहा-सहा झाली. आता सांगा, कुणाला काय जमत नाही?

बरं, मान्य करते. एकेरीला गर्दी होते, पैसा तिथून येतो, आणि दुहेरीत जोड्या इतक्या बदलतात की कोण कुणाबरोबर हे मलाही दर महिन्याला बघावं लागतं. झालं मान्य करून.

पण आपण? आपण भारतीयांनी तरी दुहेरीला नाक मुरडावं? १९९९ साली पेस आणि भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला होते. चारही! त्यातल्या फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकल्या. आमच्या घरात त्या वर्षी रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू असायचा आणि आई ओरडायची नाही, यावरून समजा. बालेवाडीचंच घ्या. २०१८ ते २०२३ मध्ये ती स्पर्धा पाच वेळा झाली. एकेरीच्या फायनलला एकदाही आपला माणूस नव्हता. दुहेरीत तीनदा होते. २०१९ ला बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, २०२२ ला बोपण्णा आणि रामकुमार जिंकले, आणि २०२३ ला श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुनचेळियन फायनल हरले. त्यानंतर स्पर्धाच गेली पुण्यातून. त्याचं दुःख वेगळं, त्यावर परत कधीतरी.

बोपण्णाबद्दल लिहायला लागले की माझा राग उतरतो. २७ जानेवारी २०२४, मेलबर्न, ऑस्ट्रेलियन ओपन. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर पुरुष दुहेरीचं पहिलं ग्रँड स्लॅम, वय त्रेचाळीस. त्याच स्पर्धेत जगातला पहिला क्रमांकही नक्की झाला, इतक्या वयात तिथे कुणीच पोचलं नव्हतं. जिंकल्यावर त्याने सांगितलं की काही वर्षांपूर्वी पाच महिने एकही मॅच जिंकत नव्हतो, तेव्हा बायकोला व्हिडिओ पाठवला होता की आता थांबतो. गुडघ्यांत कूर्चा उरलेली नाही आणि अय्यंगार योगाने आपल्याला उभं ठेवलं, हेही तो सांगतो. अय्यंगार योग पुण्याचा, त्यामुळे पुणेकर म्हणून हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. अशा माणसाला "एकेरीत जमलं नाही" म्हणायचं? तोंड उचलतं कसं?

बाबाही दुहेरीच खेळायचे. क्लबच्या मातीच्या कोर्टवर, ऑफिसच्या आधी, वीसेक वर्षं, एकाच जोडीदाराबरोबर. ते काका डावखुरे. दोघं कोर्टवर फार बोलायचे नाहीत. मी लहानपणी कधीकधी सायकलवर जाऊन बघायचे आणि मला वाटायचं यांचं भांडण झालंय. काकांचे गुडघे गेले आणि त्यांनी रॅकेट ठेवली. बाबा तेव्हा पूर्ण धडधाकट होते. क्लबमधल्या दुसऱ्या एकाबरोबर खेळून बघितलं त्यांनी, दोन आठवडे. मग एक दिवस बूट धुऊन माळ्यावर टाकले. आई म्हणाली, अहो, चांगले खेळताय की. बाबा एवढंच म्हणाले, "त्याचा हात वाचता येत नाही मला."

मला तेव्हा हे कळलं नव्हतं. बालेवाडीला त्या थंडीत, रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून ती मूठ आणि तो पंजा बघताना कळलं. त्या चौघांची नावं मला तेव्हा माहीत नव्हती, आता आठवतही नाहीत. पण एक पॉइंट आठवतो. नेटवरच्याने पंजा दाखवला, म्हणजे क्रॉस करणार. सर्व्ह पडली, तो घुसला, आणि रिटर्न करणाऱ्याने नेमका त्याने सोडलेल्या गल्लीत चेंडू मारला. मी म्हटलं, गेला. तर मागचा सर्व्हर आधीच तिकडे पळत सुटला होता. जोडीदाराची जागा भरायला. नेटवरच्याने मागे वळूनही बघितलं नाही, त्याला खात्रीच होती. बाबा उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. स्टँडमध्ये आम्ही धरून जेमतेम तीस-चाळीस माणसं असू. सर्व्हरने वर बघून रॅकेट उचलली. बाबांकडे बघून. माझी खात्री आहे.

ते दाखवा ना टीव्हीवर. कॅमेरा तिथे असतोच की! सगळी मॅच दाखवा असं मी म्हणत नाहीये, शेवटचे चार पॉइंट दाखवा. चार!

चॅनेलने कट केलं तेव्हा पहिला फोन बाबांचाच आला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस मॅचसाठी जागा होता. मला वाटलं चिडले असतील. चिडले नव्हते. म्हणाले, "तुझ्याकडे दिसतंय का गं? आमच्याकडे गेलं." मी म्हटलं, बाबा, सगळीकडेच गेलं. मग मोबाइलवर स्कोअर शोधला आणि सांगितला. दहा-आठ. सर्व्ह करत होती ती जोडी जिंकली.

थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, "आठ-आठचा पॉइंट कसा घेतला? नेटवरच्याने क्रॉस केलं का?"

मोबाइलवर नुसतं दहा-आठ होतं. म्हटलं, माहीत नाही बाबा. तर म्हणाले, "हात पाठीमागे गेलेला मी बघितला होता. पंजा होता बहुतेक."