नागाच्या पिल्लासाठी टाकी दिली नाही म्हणून एक स्टार: दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. 'पेट शॉप म्हणवतात आणि सापाची टाकी मागितली की गिऱ्हाइकाला हाकलतात', 'मालक पोलिसांची भीती घालतो', 'परदेशात लोक कोब्रा पाळतात, सोलापूरकर घाबरट', असं लिहून एक स्टार दिलाय. टाकी कुणासाठी हवी होती, ते मात्र लिहिलं नाहीत. ते मी लिहितो.

दोन फुटी काचेची टाकी, कुलूप लागणारं झाकण, हीटिंग मॅट आणि खायला उंदराची पिल्लं, अशी तुमची यादी होती. मग मोबाइलवर व्हिडिओ दाखवलात. पाण्याचा वीस लिटरचा जार, सळई तापवून झाकणाला पाडलेली भोकं, आणि तळाशी करंगळीएवढं जाड पिल्लू फणा काढून जारवर धडका मारतंय. फण्यावरचा दहाचा आकडा लख्ख दिसत होता. वर तुम्ही म्हणालात, 'लहान आहे हो, अजून विष भरलं नसेल.' नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच विष आणि विषदात घेऊन.

आता पोलिसांचं. ती धमकी नव्हती की हो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ असं सांगतो की असा प्राणी कुठल्याही कारणानं तुमच्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. पिल्लू पेंडीच्या पोत्याखाली आपसूक सापडलं असलं तरी ते तुमचं होत नाही, ते सरकारचं. जारमध्ये कोंडणं हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच, कारण त्या व्याख्येत पकडणंही येतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून नाग आणि घोणस पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहेत. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि दंड किमान २५,००० रुपये. गुन्ह्याला मदत करणाऱ्यालाही कायदा गुन्हेगारच धरतो. नाग ठेवायचाय हे माहीत असताना मी टाकी दिली असती, तर उद्या तुमच्या शेजारी मीही उभा असतो. माझ्या दुकानाची नोंदणी २०१८ च्या पेट शॉप नियमांखाली झालेली आहे, प्रमाणपत्र गल्ल्यामागं टांगलंय. दोन-अडीच हजारांच्या विक्रीसाठी ते घालवू?

'लायसन्स काढून द्या, जास्तीचे पैसे देतो' असंही म्हणाला होता. असं लायसन्सच नाही, दादा. मुख्य वन्यजीव रक्षक शिक्षणासाठी, संशोधनासाठी किंवा औषधाकरता विष काढायला परवानगी देऊ शकतात. हौस हे कारण त्या यादीत नाही. सर्पमित्रालाही साप पकडून सोडायचा असतो, घरी बरणीत ठेवायचा नसतो. आणि 'ऑनलाइन नोंदणी केली की चालतं' हे जे तुम्ही ऐकलंय, ते परदेशी प्राण्यांचं. बॉल पायथनसारख्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' या वेबसाइटवर करावी लागते. आपल्या रानातला नाग त्या वाटेनं कायदेशीर होत नाही.

परदेशाचं म्हणाल, तर फ्लोरिडात विषारी साप पाळायला लायसन्स मिळतं खरं, पण आधी १,००० तासांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. ब्रिटनमध्ये १९७६ च्या कायद्यानं कौन्सिलचा परवाना, पशुवैद्याची तपासणी आणि विमा लागतो. रील बनवणारे एवढं सांगत नाहीत.

शेटफळचा दाखला दिलात. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, मान्य. पण तिथं नाग आपल्या मर्जीनं घरात येतो नि जातो असंच सगळे सांगतात, कुलपाच्या झाकणाखाली नसतो. बत्तीस शिराळ्यात तर नागपंचमीला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत नाग पुजायचे, तिथंही हायकोर्टाच्या आदेशानं ते थांबलं. 'पोपट विकता, मग साप का नाही?' याचं उत्तर एवढंच, की माझ्याकडचे पक्षी ऑस्ट्रेलियन बजरीगर आहेत. आपला राघू पिंजऱ्यात ठेवणं हाही गुन्हाच आहे, निम्म्या सोलापूरला हे पटत नाही ही गोष्ट वेगळी.

आणि चावलाच तर? आपल्याकडची साप चावल्यावर द्यायची लस, म्हणजे प्रतिविष, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तापासून ती बनवतात, त्यामुळं काहींना तिचीच जोरदार रिअ‍ॅक्शन येते. म्हणून ती दवाखान्यातच द्यावी लागते, घरी फ्रिजमध्ये बाटली ठेवून भागत नाही. तुमच्या घरात पाच वर्षांची मुलगी आहे, हे तुम्हीच कौतुकानं सांगितलंत, म्हणून जरा जास्त बोललो.

पिल्लू अजून जारमध्ये असेल, तर आजच वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. माणूस येईपर्यंत जार सावलीत ठेवा, झाकण उघडू नका, दूध तर मुळीच ओतू नका. स्टार वाढवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण पिल्लू कुणाच्या ताब्यात दिलं तेवढं या उत्तराखाली लिहा.

दुकानमालक