म्हणे बरं दिसत नाही

सकाळपासून डोकं फिरलंय. भाची दिवाळी पहाटेचं निवेदन करते, गेली चार वर्षं. यंदा तिला सहावा महिना. आयोजकांचा फोन, "ताई, या वेळी दुसरं कुणीतरी बघतो. तुमच्याच काळजीपोटी." ती म्हणाली, डॉक्टरांची काही हरकत नाहीये. मग पोटातलं ओठांवर आलं : "स्टेजवर जरा बरं दिसत नाही हो."

बरं दिसत नाही!

१९७९ सालचं गॅदरिंग. आमच्या आईनं तीन आठवडे घसा फोडून पोरांकडून नाटक बसवून घेतलेलं. ऐनवेळी मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही आपल्या विंगेतच थांबा, पालक येणारेत." पोटात मी होते. नाटक संपल्यावर हारतुरे झाले ते दुसऱ्याच बाईंचे.

आणि मला ल्यूसिल बॉल आठवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : 'आय लव्ह ल्यूसी' ही १९५१ साली सुरू झालेली अमेरिकन मालिका, त्यातली ल्यूसी. त्याआधी सिनेमात बरीच वर्षं दुय्यम चित्रपटांत घासलेली बाई. टीव्हीवर आली तेव्हा चाळिशी गाठलेली. नवरा देसी आर्नाझ क्यूबाचा, तोच मालिकेतही नवरा हवा म्हणून अडून बसली. चॅनलवाले नको म्हणत होते, तर दोघांनी गावोगाव स्टेजवर प्रयोग करून दाखवले.

मालिका जोरात असताना तिला दिवस गेले. एक्केचाळिसावं वर्ष, दुसरं बाळंतपण. पुरस्कर्ती सिगारेट कंपनी आणि चॅनल हबकले. खुर्चीमागे लपवा तिला, असली खलबतं. नवरा-बायकोनं ऐकलं नाही, गरोदरपणच कथेत घेतलं. तरी 'प्रेग्नंट' हा शब्द उच्चारायचा नाही! पाद्री आणि रब्बी (ज्यूंचे धर्मगुरू) संहिता तपासायचे, कुठं काही ओंगळ तर नाही ना. ज्या भागात ती नवऱ्याला बातमी सांगते, त्यात दोघांचे डोळे खरेच भरून आलेत. ते तसंच ठेवलं. मी तो तुकडा कितीदा पाहिलाय, दर वेळी माझंही तेच होतं.

१९ जानेवारी १९५३ ला मालिकेत ल्यूसी बाळंत झाली आणि त्याच दिवशी दवाखान्यात खरी ल्यूसिलही, सिझेरियननं. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयझेनहॉवरचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी होता, त्याला एवढे प्रेक्षक नव्हते. कुणाला बरं दिसलं नाही म्हणे?

हो, मालिकेतला नवरा तिला स्टेजवर येऊ देत नसतो, तोच विनोद असतो, मान्य. पण पडद्यामागं बघा. घटस्फोटानंतर १९६२ मध्ये तिनं दोघांच्या डेसिलू स्टुडिओतला नवऱ्याचा हिस्सा विकत घेतला आणि अख्खा स्टुडिओ स्वतः चालवला. 'स्टार ट्रेक' ही गाजलेली अंतराळ-मालिका तिथंच उभी राहिली.

आपल्याकडची गंमत तर वेगळीच. डोहाळजेवणाला हेच पोट फुलांनी सजवायचं, झोपाळ्यावर बसवायचं, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. तेव्हा बरं दिसतं. हातात माइक आला की दिसत नाही. तेच पोट ना?

दगदग होते, हे खरं. झेपत नसेल तर तिनंच नको म्हणावं. तुम्ही कोण?

भाचीपेक्षा मीच जास्त चिडलेय. ती म्हणते, मावशी, पुढच्या वर्षी बघू. आईलाही असंच कुणीतरी म्हणालं असणार. पुढच्या वर्षी मी सहा-सात महिन्यांची, आईनं नाटक बसवलंच नाही. पुन्हा कधीच बसवलं नाही.

मघाशी तिला फोन केला. त्या दिवसाचं काय आठवतं विचारलं. वाटलं रडेल, नाहीतर चिडेल.

"विंगेत फार उकडत होतं गं," म्हणाली.